पाणी प्यायलेली गाडी

हॉस्टेलवर माझी ओळख 'बडोद्याचा' अशी आहे आणि बडोदा म्हटलं की मंडळींना दोनच गोष्टी आठवतात : लक्ष्मीविलास पॅलेस आणि शेव-उसळ. जानेवारी २०२३ मध्ये त्याच पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. माझा दादा तिथेच पडीक असायचा. पण त्याचं डोकं फिरलं ते राजेरजवाड्यांच्या गाड्या बघून नाही, तर बाहेर पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या एका वीसेक वर्षं जुन्या ऑक्टेव्हिया आरएसमुळे.

ज्यांना गाड्यांमधलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही स्कोडाची गाडी, आपल्याच औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यातून निघालेली. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १५० हॉर्सपॉवर. त्याच काळातल्या मारुती ८०० मध्ये साधारण ३७ असायची, म्हणजे चार मारुती एका बॉनेटखाली. टर्बो म्हणजे काय, तर धुराड्याकडे निघालेल्या गरम वायूवर फिरणारा एक छोटा पंखा; तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. आज ही गाडी नव्या बुलेटच्या आसपासच्या किमतीत मिळते. मोह होतो तो इथेच. बाबा म्हणाले, "हत्ती स्वस्तात मिळतोय म्हणून कोणी घरी आणत नाही." दादाची तीन वर्षांच्या पगारातली शिल्लक होती, बाबांचा काही अधिकार चालला नाही.

२०२४ च्या दिवाळीत एका एजंटाकडे चंदेरी रंगाची आरएस आली. डॉक्टरांची गाडी, म्हणे. (आमच्याकडे विकायला निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच असते.) रंग चकाचक, आत मोगऱ्याच्या अत्तराचा घमघमाट, किंमत बाजारापेक्षा चाळीस हजारांनी कमी. दादाने पंधरा हजार टोकन देऊन टाकलं आणि मग, अगदी उपचार म्हणून, वाडीतल्या गॅरेजवाल्या चाचांना दाखवायला घेऊन गेला. मी मागच्या सीटवर.

चाचांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी दार उघडून नाक आत घातलं. मग ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला, ओढतच राहिले, पार शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. पट्टा गुंडाळलेला असतो तिथे धुणारा पोचत नाही. मग सीटखाली बोट फिरवलं, रुळांवर गंज. डिकीतलं जादा चाक उचललं, खाली वाळलेला बारीक गाळ. चाचा एवढंच म्हणाले, "आ गाडीए पाणी पीधुं छे."

त्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री पस्तीस फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी पंचवीस. अर्धं शहर दोन-तीन दिवस पाण्यात, सोसायट्यांमध्ये मगरी. आणि पार्किंगमध्ये बुडालेल्या असंख्य गाड्या. त्यातल्या काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात येणार हे उघड होतं, आमच्याच डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. बुडालेली गाडी लगेच मरत नाही. कार्पेटखालच्या वायरींच्या जोडांमध्ये ओल राहते, तांब्याला हिरवट बुरशीसारखं काहीतरी धरतं आणि पाच-सहा महिन्यांनी कधी काचा बंद, कधी एअरबॅगचा दिवा, कधी भर रस्त्यात इंजिनच गप्प. कुठला जोड खराब झालाय हे शोधण्याची मजुरीच गाडीच्या किमतीवर जाते. टोकन परत मिळालं नाही. दादा आठवडाभर कोणाशी धड बोलला नाही.

पण खूळ उतरलं नाही. फेब्रुवारीत पुण्याहून एक मिळाली, काळी, एमएच-१२, पहिलीपेक्षा साठ हजारांनी महाग आणि दिसायला बरीच कळकट. पुढच्या बंपरवर ओरखडे. मात्र मालकाकडे बिलांची जाडजूड फाइल होती. चाचांनी फोनवरून बजावलं होतं : आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गार इंजिनच खरं बोलतं, तापवून ठेवलेलं सगळं झाकतं. आम्ही बॉनेटला हात लावून पाहिला, गार होता. चालू केल्यावर निळा धूर नाही (निळा म्हणजे तेल जळतंय, बहुधा टर्बो किंवा व्हॉल्व्हची सील). टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, तेही वाचायला शिकलो : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर बदलायचे, ते किमतीतून वळते केले.

सगळ्यात जास्त वेळ मात्र फाइलमधलं एक बिल शोधण्यात गेला : टायमिंग बेल्ट. इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल हा रबरी पट्टा राखतो. तो चालत्या इंजिनात तुटला तर या इंजिनात पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतात, म्हणजे इंजिन उघडावंच लागतं. किलोमीटर कमी झाले असले तरी रबर बसल्या जागी म्हातारं होतं. फाइलमधलं बिल आठ वर्षांपूर्वीचं निघालं. म्हणून गाडी पुण्यातच दोन दिवस ठेवून बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप एकदम बदलला. जुन्या पंपाच्या आतलं प्लास्टिकचं पंखं चिरलेलं होतं. बडोद्याच्या मे महिन्यात ४२-४३ अंशांत ते किती टिकलं असतं?

कागदांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी फिटनेस तपासून वाढवावी लागते, त्यामुळे आरसी बुकावर मुदत कधीपर्यंत आहे ते आधी बघा. दुसऱ्या राज्यातून आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इकडे पुन्हा टॅक्स. आणि कोणी 'चिप बसवून पॉवर वाढवलीय' असं कौतुकाने सांगितलं तर चाचांच्या मते तिथूनच मागे फिरावं. आधीच वीस वर्षं झालेल्या टर्बोला आणखी पिळलेलं असतं. मूळ रचनेत मनमानी बदल केलेले कायद्यालाही चालत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय.

पहिल्या सहा महिन्यांत गाडीने नव्वद हजार खाल्ले : बेल्टचं काम, टायर, दोन इग्निशन कॉइल, पेट्रोलचे रबरी पाइप. पाइप चाचांनी स्वतःहून बदलायला लावले. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि एवढ्या जुन्या गाडीतलं रबर त्यासाठी बनलेलं नाही. दादाला हे नव्वद हजार आधीपासून बाजूला ठेवता आले ते त्या बुडालेल्या गाडीमुळे, असं मला वाटतं. तो हे कबूल करत नाही. जोरात पळवून आणली की गाडी लगेच बंद न करता तो मिनिटभर दारात तशीच चालू ठेवतो, टर्बोला गार व्हायला. आई आतून ओरडते, "अरे, पेट्रोल फुकट येतं का?"

डाव्या बाजूची मागची काच खाली गेली की वर येत नाही, आतली प्लास्टिकची क्लिप तुटलीय. ती अजून मिळालेली नाही. यंदा जुलैत पाऊस लागला तेव्हा मी सुट्टीत घरी होतो. रात्री अकरा वाजता बाबा स्वतः उठले, टीव्हीवर विश्वामित्रीची पातळी बघितली आणि दादाला म्हणाले, "चावी दे, मामाकडे उंचावर लावून येतो." आम्ही तिघंही गेलो. ती काच हाताने वर धरून मी मागे बसलो होतो.