कुरतडलेले पोते आणि फसलेले धुरीकरण

साठवणुकीतील धान्याच्या नुकसानीचा हिशेब मांडताना उंदीर आणि कीटक यांची नोंद आपण दोन वेगळ्या रकान्यांत करतो. गोदामात मात्र एकाचा उपद्रव दुसऱ्याला वाट करून देतो.

भातखाचरांच्या बांधात बिळे करून लोंब्या साठवणारी लहान घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस) ही मुळात शेतातील प्रजाती. तिने शहरांतही जम बसवला. १९६० च्या दशकात कोलकात्याच्या धान्यगोदामांत झालेल्या अभ्यासात हीच प्रजाती बहुसंख्येने आढळली. उंदीर दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण १० टक्के अन्न खातो. परंतु मूत्र, लेंड्या व केस यांमुळे दूषित होणारे धान्य त्याहून कितीतरी अधिक असते.

कीटकांचा प्रश्न येथूनच सुरू होतो. सोंडे अखंड दाणा पोखरतात. तांबड्या भुंगेऱ्याला ते सहसा साधत नाही. फुटके दाणे, भुगा आणि पीठ यांवर तो वाढतो. कुरतडलेल्या पोत्याखाली त्याला हे खाद्य आयतेच मिळते. बिळांत व भिंतीच्या कडेला साचलेल्या धान्यात कीटक तग धरतात आणि पुढील हंगामाच्या साठ्यात शिरतात.

सर्वांत गंभीर परिणाम धुरीकरणावर होतो. फॉस्फिन वायूची पुरेशी तीव्रता आच्छादनाखाली काही दिवस सलग टिकावी लागते. उंदरांनी आच्छादनाला पाडलेल्या छिद्रांतून वायू निसटतो. प्रौढ कीटक मरतात. अधिक सहनशील असलेली अंडी व कोष वाचतात. अशा अपुऱ्या मात्रेतून वारंवार वाचलेल्या कीटकांत फॉस्फिनविरुद्ध प्रतिकारक्षमता वाढते. भारतातील तांबड्या भुंगेऱ्यात ती यापूर्वीच आढळली आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम उंदरांचा बंदोबस्त करावा आणि त्यानंतरच धुरीकरण हाती घ्यावे. घरउंदीर सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतूनही आत येतो. त्यामुळे दाराच्या खालच्या कडेस पत्रा ठोकावा आणि झरोक्यांना बारीक जाळी बसवावी. पोत्यांची थप्पी फळ्यांवर, भिंतीपासून अंतर राखून रचावी. ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनचे आमिष धान्यापासून दूर, बंद आमिषपेटीतच ठेवावे. सांडलेले धान्य रोज उचलावे. आच्छादनाचा प्रत्येक पदर उजेडात धरून तपासावा आणि छिद्रे बुजवल्यावरच प्रशिक्षित, अधिकृत व्यक्तीकडून धुरीकरण करून घ्यावे.