शिबिर कधी आवरायचं?

पावसामुळे शाळेचं शिबिर अर्ध्यावर आवरलं की पालक कुरकुरतात. पैसे वाया गेले, वर ‘एवढ्याशा पावसाला घाबरले’ हा शेरा. त्या भरात एक गोष्ट राहून जाते: शिबिर किती वाजता आवरलं आणि मुलं कुठल्या वाटेनं निघाली?

टेक्सासमधल्या ग्वाडालूप नदीच्या खोऱ्यात चुनखडीवर मातीचा थर पातळ आहे. पाऊस फारसा मुरत नाही, नदीकडे धावतो. १७ जुलै १९८७ला तिथल्या कम्फर्ट गावाजवळ चर्चच्या शिबिरात तीनशेहून जास्त मुलं होती. रात्री नदीच्या वरच्या अंगाला धो धो कोसळला, म्हणून सकाळी शिबिर रिकामं करायला घेतलं. शेवटची बस आणि तिच्याबरोबरची व्हॅन सखल रस्त्यावर पाण्यात बंद पडल्या. हाताला हात धरून, साखळी करून मुलं बाहेर पडत असतानाच मोठा लोंढा आला. दोन्ही गाड्यांत मिळून ४३ जण होते. दहा मुलं गेली. शिबिर हलवण्यात चूक नव्हती. चुकली ती वेळ, आणि वाट.

मग जागचं हलूच नये का? तसंही नाही. त्याच नदीकाठी ४ जुलै २०२५च्या पहाटे मुलींच्या एका शिबिरात पाणी घुसलं आणि २७ मुली व मार्गदर्शक दगावल्या. अचानक पुराचा इशारा रात्री सव्वाच्या सुमारास निघाला होता. अशा वेळी गाडी काढण्यापेक्षा उंचावर चालत जाणं बरं. पण त्यासाठी ती जागा आणि तिथली वाट दिवसाउजेडी पाहून ठेवलेली हवी.

‘हवामान खात्याचं काय खरं!’ हा आपल्याकडचा लाडका आक्षेप. अंदाज हुकतात, कबूल. पण हुकलेल्या इशाऱ्यात एक मुक्काम बुडतो, एवढंच. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पावसाला आपलं हवामान खातं ‘अत्यंत मुसळधार’ म्हणतं. सह्याद्रीत असा पाऊस घाटमाथ्यावर पडला, तर खाली तंबूवर थेंब नसतानाही ओढा फुगतो. तेव्हा आभाळाकडे बघून ठरवू म्हणण्यात अर्थ नाही.

मुलांनी पावसात भिजावं, ओल्या लाकडांशी झटापट करावी, हे मान्यच. त्यासाठी ओढ्याकाठी मुक्काम कशाला लागतो? आणि रात्री दोन वाजता, मुख्याध्यापकांना फोन लागत नसताना, एकट्या शिक्षकानं निर्णय घ्यावा ही अपेक्षा तर अन्यायाचीच. कुठल्या इशाऱ्याला निघायचं, कुठला साकव टाळायचा, पैसे किती परत मिळणार, हे पालकांच्या सहीआधीच कागदावर हवं. शिबिराच्या पत्रकात जेवणाचा बेत असतोच. त्याखाली चार ओळींची जागा सहज निघेल.