जुन्या मेजाची झिलई

मेज जुने होऊन काळवंडले की त्यावर व्हार्निशचा जाड हात फिरवावा, म्हणजे ते नव्यासारखे दिसेल, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या मते मेज बिघडविण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग होय! झिलई लेपाच्या जाडीने येत नाही. ती सपाटपणाने येते. पृष्ठभाग सपाट असला तर प्रकाशकिरण एकाच दिशेने परावर्तित होतात व चकाकी दिसते. तो खडबडीत असला तर किरण विखुरतात आणि लाकूड निस्तेज भासते.

भोपाळातील मराठी घरांतून आजोबांच्या वेळची सागवानी मेजे अद्याप आढळतात. सातपुड्याची सागाची अरण्ये येथून दूर नाहीत. त्यांतील बोरीचे जंगल तर १८६५ सालीच राखीव झाले. ज्या चपड्याने अशा मेजांना पॉलिश करतात, तोही अरण्याचीच देणगी. पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर वसणाऱ्या इवल्याशा किड्यांचा स्राव म्हणजे लाख. ती शुद्ध करून चपडा बनवितात. (आम्हां कोंकणी माणसांच्या गावी होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल चोपडतात. त्याने लाकूड टिकते खरे, पण शोभेचे नाव नको!)

प्रथम मेजाच्या आडबाजूस स्पिरिटचा बोळा घासून पाहावा. लेप मऊ व चिकट झाला तर तो चपडाच आहे. मग खरवडण्याची गरज नाही. मळ पुसून त्यावरच नवे हात देता येतात. खरवडणे भागच पडले, तर पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच चालवावा, आधी भरड, मग बारीक. आडवे ओरखडे पॉलिशखाली लपत नाहीत, उलट उठून दिसतात. वर सागाचा पातळ पापुद्रा चिकटविलेला असल्यास विशेष जपावे. तो एकदा झिजला की परत मिळत नाही.

एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे २०० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळावा. स्पिरिट चटकन पेट घेते व पोटात गेल्यास विषारी ठरते. म्हणून विद्यार्थ्यांनी हे काम वडील माणसांच्या देखरेखीखाली, खिडक्या उघडून व दिवा-शेगडी दूर ठेवूनच करावे. सुती फडक्यात कापूस गुंडाळून बोळा करावा आणि न थांबता हलके हात द्यावेत. बोळा मध्येच थांबला की तेथे डाग पडतो. दहाबारा पातळ हात दोन जाड हातांपेक्षा केव्हाही सरस. मात्र प्रत्येक हात वाळू द्यावा आणि दोनतीन हातांनंतर अगदी बारीक पेपर हळूच फिरवावा.

चकाकी किती असावी, हे मेजाच्या उपयोगावर ठरवावे. दिवाणखान्यात ती आरशासारखी शोभते. अभ्यासाच्या मेजावर दिव्याचे प्रतिबिंब डोळ्यांस खुपते. तेथे अखेरीस अतिशय बारीक लोखंडी लोकरीने मेण चोळावे, म्हणजे सौम्य तेज येते.

पावसाळ्यात मात्र हे काम काढू नये. दमट हवेत चपडा पांढुरका पडतो. भोपाळात दसऱ्यानंतरची कोरडी हवा यास उत्तम. काम पूर्ण झाल्यावरही मेज आठवडाभर मोकळे ठेवावे, आणि त्यानंतरही चहाचा गरम पेला बशीवाचून त्यावर ठेवू नये. पांढरे वर्तुळ उमटलेच म्हणून समजावे.