सायलेन्सर बदलल्यावर आधी जोड तपासा

चाकणच्या बजाज कारखान्यातून निघालेल्या पल्सरला बाहेरचा सायलेन्सर बसवला, थ्रॉटल सोडताच फटफट आवाज आला, की दोष थेट ईसीयूवर, म्हणजे इंजिनाच्या संगणकावर, जातो. माझ्या मते पहिला संशय धुराच्या नळीच्या जोडावर घ्यावा. एप्रिल 2020 पासूनच्या बहुतेक बीएस-6 दुचाकींत सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून पेट्रोलचं प्रमाण ठरतं. सेन्सरच्या अलीकडच्या, इंजिनाच्या बाजूच्या जोडाचं गॅस्केट नीट बसलं नसेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. मिश्रण पातळ आहे असं समजून ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो, आणि न जळलेलं पेट्रोल त्या हवेत पेटून फटफट होते. ईसीयू सगळं आपोआप जुळवून घेतो, असं गॅरेजमध्ये सांगतात. ते अर्धंच खरं आहे: ही दुरुस्ती ठरावीक मर्यादेतच होते आणि पूर्ण थ्रॉटलला तो बहुधा सेन्सरचं ऐकतच नाही. म्हणून ईसीयूच्या महागड्या रीमॅपिंगआधी नवं गॅस्केट घालावं, नट घट्ट करावेत. तरीही आवाज राहिला, तर मूळ सायलेन्सर लावून पाहावा.