स्नायूंची मशागत

वाशिम जिल्हा हा मुख्यत्वे शेतीवर जगणारा जिल्हा होय. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या त्याच्या सहा तालुक्यांत खरिपातील सोयाबीन आणि तूर ही प्रमुख पिके आहेत. सुगीच्या दिवसांत बाजार समित्यांच्या आवारात पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि ती पोती पाठीवर घेऊन चालणारे हमाल दिवसभर राबताना दिसतात. त्याच दिवसांत भल्या पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यांवर पोलीस व सैन्य भरतीची तयारी करणारी तरुण मुलेमुली धावत असतात.

या दोन दृश्यांतून एक साधा प्रश्न उभा राहतो. अंगाने सडसडीत दिसणारा हमाल जे पोते सहज उचलतो, तेच पोते व्यायामशाळेत दंड कमावलेल्या एखाद्या तरुणाला जड का जाते? बळ आणि स्नायूंचा आकार या दोन गोष्टी एकच नव्हेत काय? या प्रश्नाचे उत्तर केवळ कुतूहलाचे नाही. भरतीसाठी धडपडणाऱ्या तरुणाचे भवितव्य, कष्टकऱ्याच्या पाठीचे आरोग्य आणि घरातील वृद्धांचे स्वावलंबन या साऱ्यांशी ते निगडित आहे.

स्नायूची घडण

मानवी शरीरात हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आहेत. प्रत्येक स्नायू हा केसासारख्या बारीक अशा असंख्य स्नायुतंतूंचा जुडगा असतो. या तंतूंच्या आत ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे अतिसूक्ष्म धागे एकाआड एक रचलेले असतात. मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत आज्ञा आली, की हे धागे परस्परांवरून सरकतात आणि स्नायू आकुंचन पावतो. ओझे उचलण्याची क्रिया ती हीच.

एक मज्जापेशी अनेक स्नायुतंतूंवर हुकमत चालविते. काही पेशींच्या ताब्यात थोडे तंतू असतात, तर काहींच्या ताब्यात शेकडो. हलके काम असेल तेव्हा लहान गट कामाला लागतात. भार वाढत जाईल तसतसे मोठे गट जागे होतात. व्यायाम न केलेल्या माणसाला आपल्या स्नायूंतील सर्व गट एकाच वेळी पूर्ण जोमाने कामाला लावता येत नाहीत. त्याच्या अंगी बळ असते, परंतु ते हाताशी नसते.

आधी बळ, मग आकार

वजन उचलण्याचा व्यायाम सुरू केला, की पहिल्या काही आठवड्यांतच उचलण्याची क्षमता झपाट्याने वाढते. दंडाचा घेर मात्र जवळजवळ होता तेवढाच राहतो. नवशिक्या तरुणास याचा अचंबा वाटतो आणि पुष्कळदा निराशाही येते. वास्तविक या काळात शिक्षण चाललेले असते ते मज्जासंस्थेचे. अधिक तंतूंना एकाच वेळी हाक देणे, त्या हाकेची गती वाढविणे आणि विरुद्ध बाजूच्या स्नायूंना वेळीच सैल सोडणे या गोष्टी मेंदू शिकत असतो.

याचा एक पुरावा मोठा मनोरंजक आहे. केवळ उजव्या हाताला व्यायाम दिला, तरी डाव्या हाताचे बळही काही प्रमाणात वाढते. अमेरिकेतील येल विद्यापीठात ही गोष्ट १८९४ मध्येच नोंदली गेली. डाव्या हाताच्या स्नायूंनी काहीच श्रम केलेले नसतात, म्हणजे हा लाभ मज्जासंस्थेचाच म्हटला पाहिजे. पुढे १९७९ मध्ये मोरितानी व डी व्हरीज या संशोधकांनी बळ आणि आकार यांचे मोजमाप करून दाखविले, की आरंभीच्या वाढीत मज्जासंस्थेचा वाटा प्रमुख असतो आणि काही आठवड्यांनंतर स्नायूंच्या प्रत्यक्ष वाढीचा वाटा वरचढ ठरतो.

आकाराची वाढ संथ असते. स्नायूवर पुरेसा ताण पडला, की त्याच्या पेशींत नवी प्रथिने बनविण्याचे काम वेगाने सुरू होते आणि ते एक-दोन दिवस चालू राहते. घडणारे प्रथिन झिजणाऱ्या प्रथिनापेक्षा अधिक झाले, की तंतू जाड होतो. तंतूंच्या संख्येत वाढ होत नाही. जे आहेत तेच पुष्ट होतात, असे सामान्यतः मानले जाते. ही भर रोज इतकी अल्प असते, की डोळ्यांना दिसण्याइतका फरक पडण्यास दोन-तीन महिने लागतात. पेरणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी शेतात कणसे शोधण्यात जसा अर्थ नाही, तसेच हेही आहे.

हमालाच्या बळाचे रहस्य आता उलगडते. पोते पाठीवर कसे घ्यावे, तोल कसा सांभाळावा, पाऊल कोठे टाकावे हे वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याच्या मज्जासंस्थेला पक्के ठाऊक असते. जे काम करावे त्याच कामाचे बळ विशेषत्वाने वाढते, हा या शास्त्राचा एक मूलभूत नियम आहे.

भार किती आणि केव्हा

प्राचीन ग्रीसमधील मायलो या मल्लाची कथा प्रसिद्ध आहे. तो एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चालत असे. वासरू वाढत गेले, तसे मायलोचे बळही वाढत गेले आणि अखेर तो पूर्ण वाढलेला बैल उचलू लागला, असे सांगतात. कथेतील अतिशयोक्ती सोडून दिली, तरी तिच्यातील तत्त्व खरे आहे. शरीराला ज्या भाराची सवय झाली, त्या भाराने पुढील वाढ होत नाही. तो क्रमाक्रमाने वाढवावा लागतो.

या तत्त्वाला शिस्तबद्ध रूप दिले ते डॉ. थॉमस डिलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांवर उपचार करताना त्यांनी हलक्या हालचालींऐवजी जड वजनांचा वापर केला आणि आपली पद्धत १९४५ मध्ये प्रसिद्ध केली. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते, ते प्रमाण मानावयाचे. प्रथम त्याच्या निम्मे, नंतर पाऊण आणि शेवटी पूर्ण वजन, असे प्रत्येकी दहा वेळा उचलावयाचे, हा त्यांच्या पद्धतीचा पुढे रूढ झालेला क्रम होय. दहा वेळा उचलणे सोपे वाटू लागले, की वजन वाढवावयाचे.

अलीकडच्या संशोधनाने यात एक महत्त्वाची भर घातली आहे. हलके वजनही थकवा येईपर्यंत पुन्हा पुन्हा उचलले, तर स्नायूंचा आकार जवळजवळ तितकाच वाढतो. कमाल भार उचलण्याचे बळ मात्र जड वजनांनी अधिक वाढते. महागडी साधने नसलेल्या खेड्यांच्या दृष्टीने हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे.

विश्रांतीचे महत्त्वही तितकेच आहे. स्नायूंची वाढ व्यायामाच्या वेळी होत नाही, ती नंतरच्या विसाव्यात होते. म्हणून एका स्नायुगटाला जड व्यायाम दिल्यावर एक दिवस मोकळा सोडणे श्रेयस्कर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा, असे म्हटले आहे.

घरचीच परंपरा

वजनाचा व्यायाम ही परदेशातून आलेली गोष्ट आहे, हा समज योग्य नाही. दगडी नाल उचलणे, गदा व जोडी फिरविणे, जोर आणि बैठका काढणे हे आपल्या तालमींतील नित्याचे प्रकार होत. जमिनीवर हात टेकून साधा जोर मारताना शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भार हातांवर येतो. म्हणजे साठ किलोग्रॅम वजनाचा तरुण प्रत्येक वेळी सुमारे चाळीस किलोग्रॅम उचलतो.

वाशिम ज्या महसूल विभागात आहे, त्या विभागाचे मुख्यालय असलेल्या अमरावती येथे वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला व्यायाम ज्ञानकोश दहा खंडांत मराठीत उपलब्ध झाला, हेही येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

श्रम म्हणजे व्यायाम नव्हे

शेतात राबणाऱ्याला निराळा व्यायाम कशाला, अशी शंका पुष्कळदा घेतली जाते. शेतीच्या श्रमांनी अंगात दम आणि चिकाटी येते, हे निर्विवाद आहे. परंतु श्रमांत भार कामाच्या गरजेप्रमाणे ठरतो, शरीराच्या तयारीप्रमाणे नव्हे. निंदणी करणारी स्त्री दिवसभर वाकलेली असते. तिच्या पाठीला ताण पडतो, बळ मिळतेच असे नाही. व्यायामात भार मोजलेला असतो, सर्व स्नायूंना आळीपाळीने काम मिळते आणि विसावाही ठरलेला असतो. बळकट पाठ आणि पाय हे श्रमकरी माणसाचे संरक्षणच होत.

भरतीच्या उमेदवारांनी तर हे विशेष ध्यानी घ्यावे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत धावण्याबरोबरच पुरुषांना ७.२६० किलोग्रॅमचा आणि महिलांना ४ किलोग्रॅमचा गोळा फेकावा लागतो. जाहिरात निघाल्यावर घाईघाईने सुरू केलेल्या तयारीत मज्जासंस्थेचे शिक्षण काही अंशी होते, पण स्नायूंची खरी वाढ हाती लागत नाही. नियमित व्यायाम आधीपासून चालू असेल, तरच दोन्हींचा लाभ मिळतो.

वृद्ध आणि स्त्रिया

वाढत्या वयाबरोबर स्नायूंची झीज होते आणि बळ तर आकारापेक्षाही वेगाने घटते. ओट्यावरून उठताना आधार लागणे, पायरी चढताना गुडघे लटपटणे ही त्याची लक्षणे होत. वृद्धापकाळी यावर इलाज नाही, हा समज १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगाने खोटा ठरविला. वृद्धाश्रमातील सुमारे नव्वद वर्षांच्या दहा अशक्त व्यक्तींना पायांचा वजनाचा व्यायाम देण्यात आला. आठ आठवडे तो पूर्ण करणाऱ्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले; मांडीच्या स्नायूंचा आकार मात्र ९ टक्क्यांनीच वाढला. बळ आणि आकार यांतील भेद याहून स्पष्ट कोणता असणार? त्याहून महत्त्वाचे हे, की त्यांचे चालणे सुधारले. खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठणे व बसणे हाही वृद्धांसाठी उत्तम व्यायाम आहे.

वजन उचलल्याने स्त्रियांचे शरीर पुरुषी होते, ही भीतीही अनाठायी आहे. स्नायूंच्या वाढीस पोषक असलेले टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रियांत फार अल्प असते. त्यामुळे आकार बेताचाच वाढतो, बळ मात्र प्रमाणात पुरुषांइतकेच वाढू शकते. शिवाय हाडेही बळकट होतात. योग्य देखरेखीखाली केलेल्या अशा व्यायामाने मुलांची उंची खुंटत नाही, हे शिक्षकांनी पालकांना समजावून सांगितले पाहिजे.

आहार आणि सावधगिरी

केवळ ताणाने स्नायू वाढत नाहीत. त्यांना प्रथिनांचा पुरवठा व्हावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार सामान्य प्रौढ व्यक्तीस शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. जड व्यायाम करणाऱ्याची गरज याहून अधिक असते. या बाबतीत वाशिम जिल्हा भाग्यवान म्हणावा लागेल. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के, तर तुरीच्या डाळीत सुमारे २२ टक्के प्रथिने असतात. सोयाबीन मात्र कच्चे खाऊ नये; ते नीट शिजवल्यावाचून त्यातील प्रथिने पचत नाहीत. जे धान्य पोत्यांत भरून बाहेर जाते, त्यातील थोडे घरच्या ताटात आले, तर महागड्या डबाबंद भुकटीची गरज फारशी उरणार नाही.

झटपट आकार वाढविण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या व इंजेक्शने मात्र घातक आहेत. त्यांनी यकृत व हृदय यांना अपाय होतो, वंध्यत्व येऊ शकते आणि वाढत्या वयातील मुलांची उंची खुंटते. तरुण आकाराला भुलतो आणि आरोग्य गमावतो. गावातील वडीलधाऱ्यांनी याबाबत सावध राहणे अगत्याचे आहे.

वजन उचलताना श्वास कोंडून धरल्यास रक्तदाब एकाएकी वाढतो. म्हणून उचलताना श्वास सोडावा. वजन जमिनीवरून घेताना कमरेतून न वाकता गुडघे मोडावेत. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा हर्निया असलेल्यांनी प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गावाने काय करावे

एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. पाण्याने भरलेला पंधरा लिटरचा डबा किंवा मापाने वाळू भरलेले पोते एवढ्यावरही व्यायामाला आरंभ करता येतो. शाळेचे पटांगण, एक जाणता शिक्षक आणि उचललेल्या वजनांची नोंद ठेवणारी एक वही पुरेशी आहे. व्यायामशाळा विकासासाठी शासनाची अनुदान योजना असून तिची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळू शकते. ग्रामपंचायतींनी व्यायामशाळा उभारताना ती केवळ तरुणांची न ठेवता स्त्रियांसाठी आणि वृद्धांसाठीही दिवसातील काही वेळ राखून ठेवावा.

जमिनीची मशागत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने आणि धीराने करावी लागते, हे वाशिमच्या शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको. स्नायूंची मशागतही त्याच नियमांनी चालते. भार थोडा थोडा वाढवावा, पोटाला सकस अन्न द्यावे आणि शरीराला विसावा द्यावा. घेतलेल्या श्रमांचे पीक मग तरुणाला मैदानावर, कष्टकऱ्याला कामावर आणि वृद्धाला स्वतःच्या पायांवर उभे राहताना हाती येते.