प्रेक्षकाचा प्रतिसाद आणि प्रक्षेपणाचे मोल : व्यावसायिक कुस्तीच्या संदर्भात

‘कुस्ती’ या एकाच शब्दाने मराठीत दोन भिन्न गोष्टींचा निर्देश होतो. एक तांबड्या मातीतील, चितपटीने निकालात निघणारी. दुसरी दोरखंडांनी वेढलेल्या चौथऱ्यावरची, पूर्वी ‘फ्री स्टाईल’ म्हणून ओळखली जाणारी आणि पुढे दूरचित्रवाणीमुळे घरोघर पोचलेली. पहिलीच्या अभिमान्यांनी दुसरीला ‘नुरा कुस्ती’ म्हणून सदैव हिणविले. निकाल आधीच ठरलेला असेल तर त्या झुंजीत पाहण्यासारखे ते काय, हा त्यांचा प्रश्न. तथापि या ‘लुटुपुटीच्या’ लढाईचे प्रक्षेपणहक्क एकविसाव्या शतकात अब्जावधी डॉलरना विकले जाऊ लागले, आणि ती पाहण्यासाठी काय मोजावे लागते यावरून तिचे चाहते वारंवार संतप्त झाले. हा संताप केवळ गिऱ्हाइकाची कुरकूर आहे, की त्यात रसिकत्वाचाही काही अंश आहे, हा प्रश्न प्रयोगरूप कलांच्या अभ्यासकाला उपेक्षणीय वाटू नये.

१. खेळ की नाट्य?

या कुस्तीला क्रीडेच्या नव्हे तर नाट्याच्या कोटीत बसविण्याचे काम फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७ सालीच केले. त्यांच्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथातील पहिलाच लेख व्यावसायिक कुस्तीवर आहे. येथे प्रेक्षकाला निकालाची चिंता नसते. वेदना, पराभव आणि न्याय यांच्या ठळक मुद्रा पाहण्यासाठी तो येतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

स्वतः व्यावसायिकांनी मात्र हे सत्य दीर्घकाळ झाकून ठेवले. झुंज खरी असल्याचा आव आखाड्याबाहेरही सोडायचा नाही, हा या व्यवसायाचा कुळाचार होता. तो उघडपणे मोडला गेला १९८९ साली, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे. क्रीडास्पर्धांना लागू असलेले राज्याचे नियंत्रण आणि त्यासोबतचा करभार टळावा, म्हणून वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या वतीने सांगण्यात आले की, आपली कुस्ती ही स्पर्धा नसून करमणूक आहे. म्हणजे एका नाट्यप्रकाराने आपले नाट्यत्व मान्य केले ते सौंदर्यशास्त्रीय चर्चेतून नव्हे, तर अर्थव्यवहाराच्या निकडीतून. या प्रकारात कला आणि मोल यांची गाठ अशी प्रारंभापासूनच घट्ट आहे.

२. प्रेक्षकाचे स्थान

प्रेक्षकाच्या प्रतिसादाला प्रयोगाच्या यशाचा निकष मानण्याची भारतीय परंपरा प्राचीन आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने सिद्धीचे दैवी आणि मानुषी असे भेद केले असून मानुषी सिद्धीचे वाङ्मयी आणि शारीरी असे पोटभेद सांगितले आहेत. प्रेक्षकाचे स्मित, त्याचे मोठ्याने हसणे, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे त्याचे उद्गार या गोष्टी वाङ्मयी सिद्धीत मोडतात. रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्र देणे या शारीरी सिद्धीत. प्रयोगाला बाधा आणणाऱ्या ‘घातां’चाही विचार तेथे आहे.

व्यावसायिक कुस्तीत हा प्रतिसाद यशाचा निकष तर असतोच, शिवाय तो प्रयोगाचा घटकही असतो. खलमल्लाची निर्भर्त्सना, नायकाच्या नावाचा घोष, पंचाच्या बरोबरीने हजारो कंठांनी म्हटलेले ‘एक, दोन, तीन’ यांवाचून तेथील झुंज अर्धवट राहते. याचा प्रत्यय साथीच्या काळात आला. एप्रिल २०२० मधील ‘रेसलमेनिया’ हा वार्षिक महोत्सव प्रेक्षकांवाचून पार पडला, आणि तेच आघात, त्याच पकडी निर्जीव वाटल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून संस्थेने आखाड्याभोवती शेकडो पडदे उभारून घरी बसलेल्या चाहत्यांचे चेहरे त्यांवर दाखविले आणि गर्दीचा ध्वनी कृत्रिमरीत्या सोडला. प्रेक्षक विकत घेणारा असतो. येथे तो विकल्या जाणाऱ्या वस्तूचा भागही आहे, हे यातून सिद्ध झाले. पाहण्याच्या मोलासंबंधी तो बोलतो तेव्हा ही दुहेरी भूमिका ध्यानात ठेवावी लागते.

३. मोलाचा इतिहास

दूरचित्रवाणी आणि कुस्ती यांची पहिली भेट बहुधा विनामूल्यच झाली. जपानमध्ये फेब्रुवारी १९५४ मध्ये रिकिदोझान या मल्लाच्या कॅनेडियन शार्प बंधूंशी झालेल्या झुंजी लोकांनी टोकियोच्या चौकांतून मांडलेल्या सार्वजनिक संचांवर गर्दी करून पाहिल्या. युद्धात हरलेल्या राष्ट्राने रस्त्यात उभे राहून एकत्र पाहिलेले ते नाट्य होते. ब्रिटनमध्येही आयटीव्ही या वाहिनीवर शनिवारी दुपारी लागणारी कुस्ती १९८८ पर्यंत घरोघर पाहिली जाई.

मोल आकारण्याचे पर्व अमेरिकेत विस्तारले. ३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेला पहिला ‘रेसलमेनिया’ ठिकठिकाणच्या सभागृहांत बंदिस्त प्रक्षेपणाने दाखविला गेला. तिकीट काढून लोक पडद्यावरची कुस्ती पाहावयास गेले. पुढे प्रत्येक मोठ्या कार्यक्रमासाठी घरबसल्या स्वतंत्र पैसे भरण्याची ‘पे-पर-व्ह्यू’ पद्धत रूढ झाली, आणि कालांतराने एकट्या ‘रेसलमेनिया’साठी अमेरिकी कुटुंबाला साठ डॉलर वा त्याहून अधिक मोजावे लागू लागले. मग २४ फेब्रुवारी २०१४ रोजी संस्थेने स्वतःची वर्गणी-वाहिनी काढली. दरमहा ९.९९ डॉलरमध्ये सर्व मोठे कार्यक्रम आणि जुन्या झुंजींचे भांडार खुले झाले. हा आकडा कार्यक्रमांत इतक्या वेळा उच्चारला गेला की तो मल्लांच्या थट्टेचा आणि प्रेक्षकांच्या घोषणांचाही विषय बनला.

त्यानंतर हक्क विकण्याकडे कल वळला. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतील ही वाहिनी ‘पीकॉक’ या सेवेत विलीन झाली, आणि जाहिरातींसह पाहणाऱ्याला ती ४.९९ डॉलरमध्ये मिळू लागली. जानेवारी २०२४ मध्ये ‘रॉ’ या साप्ताहिक कार्यक्रमाचे हक्क ‘नेटफ्लिक्स’ने घेतल्याचे जाहीर झाले. करार दहा वर्षांचा आणि पाच अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये मोठ्या मासिक कार्यक्रमांचे अमेरिकेतील हक्क ‘ईएसपीएन’कडे गेल्याचे जाहीर झाले, पाच वर्षांसाठी सुमारे १.६ अब्ज डॉलरना. ‘ईएसपीएन’च्या नव्या सेवेची मासिक वर्गणी २९.९९ डॉलर होती. ‘पीकॉक’ची त्या वेळी १०.९९. काही केबल-सेवांच्या ग्राहकांना ती वेगळे पैसे न भरता मिळाली, काहींना नाही.

४. संतापाचे स्वरूप

या बदलांवर उमटलेल्या प्रतिक्रिया वरवर एकसुरी भासतात. बारकाईने पाहता त्यांत निदान तीन स्वर वेगळे करता येतात.

पहिला स्वर निव्वळ किमतीचा. त्यावर एक रास्त आक्षेप संभवतो. २०१३ पूर्वी प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाला चाळीस-पन्नास डॉलर भरणारा प्रेक्षक २०२५ मध्ये तीस डॉलरवरून का रुष्ट व्हावा? उत्तर असे की, मोलाची तुलना माणूस इतिहासाशी करीत नाही, सवयीशी करतो. दशकभर दहा डॉलरच्या आत मिळालेली वस्तू त्याच्या मनात त्याच किमतीची ठरलेली असते. शिवाय मधल्या काळात त्या वस्तूची वाटणी झाली होती. २०२५ अखेरच्या अमेरिकी चाहत्याला सोमवारचा ‘रॉ’ नेटफ्लिक्सवर, शुक्रवारचा ‘स्मॅकडाऊन’ यूएसए नेटवर्कवर आणि महिन्याचा मोठा कार्यक्रम ईएसपीएनवर पाहावा लागे. ज्या कथेचा आरंभ एका दारात, मध्य दुसऱ्या दारात आणि परिणती तिसऱ्या दारात, आणि प्रत्येक दाराशी वेगळा द्वारपाल, तिच्या श्रोत्याचा रोष केवळ पैशापुरता नसतो. तो कथानकाच्या अखंडतेसाठीही असतो.

दुसरा स्वर रसनिष्ठ आहे. २५ जानेवारी २०१५ रोजी फिलाडेल्फिया येथील ‘रॉयल रंबल’मध्ये लोकप्रिय डॅनियल ब्रायन लवकर बाद झाला आणि संस्थेचा मनोनीत नायक रोमन रेन्स विजयी झाला. त्याचा हात उंचावण्यासाठी लोकांचा आवडता ‘द रॉक’ पुढे आला, तरी सभागृहाने धिक्कारच केला. त्याच रात्री वाहिनीची वर्गणी रद्द करण्याची हाक समाजमाध्यमांतून घुमली. येथे किंमत मुळीच बदललेली नव्हती. बदलला होता तो कथेविषयीचा विश्वास. वर्गणी थांबविणे ही या प्रेक्षकाची समीक्षा होती. गंमत अशी की, दोनच दिवसांनी संस्थेने आपल्या वर्गणीदारांची संख्या दहा लाखांवर गेल्याचे जाहीर केले. सभागृहातील ‘कष्टम्’ आणि हिशेबवहीतील ‘साधु’ एकाच सप्ताहात ऐकू आले.

तमाशातील दौलतजादा येथे सहज आठवते. फडावर रसिक पैसा देतो तो प्रयोग चालू असताना, आवडलेल्या जागेला, सर्वांदेखत. तेथे दाद आणि दाम यांची फारकत झालेली नसते. भरताने शारीरी सिद्धीत वस्त्रदानाचा अंतर्भाव केला त्यामागेही हेच तत्त्व दिसते. मासिक वर्गणीने ही गाठ सोडविली. दाम आधीच, दर महिन्याला, न मागता वळता होतो. दादेला दामाची वाट उरत नाही. वर्गणी रद्द करणे ही जणू उलटी दौलतजादा आहे. नापसंती दाखविण्याचा तेवढाच आर्थिक मार्ग त्या रसिकाच्या हाती राहतो.

तिसरा स्वर भांडाराविषयीचा, आणि अभ्यासकांच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. २०२१ मधील विलीनीकरणाच्या वेळी जुन्या कार्यक्रमांची छाननी होऊन आक्षेपार्ह वंशवाचक प्रसंग वगळले गेले. १९९० च्या ‘रेसलमेनिया’तील रॉडी पायपरचा प्रसंग त्यांपैकी एक. असे प्रसंग निंद्य होते यात शंका नाही. परंतु मूळ ध्वनिचित्र ज्याच्या स्वाधीन, पाठही त्याच्याच स्वाधीन, अशी स्थिती निर्माण झाली की पाठचिकित्सेला आधारच उरत नाही. हस्तलिखिताची एक प्रत नष्ट झाली तर दुसऱ्या मठात दुसरी सापडू शकते. वर्गणीने पाहावयाच्या भांडाराला दुसरा मठ नसतो. वर्गणीदाराकडे पाहण्याची अनुज्ञा असते, प्रत नसते. जुन्या ध्वनिचित्रफिती जपून ठेवणारे चाहते म्हणूनच केवळ हौशी संग्राहक ठरत नाहीत.

५. भारतीय संदर्भ

मे १९६८ मध्ये दारासिंग यांनी मुंबईत लू थेझ यांना हरविले ते तिकीट काढून आलेल्या समुदायापुढे. त्यापूर्वीपासून कोल्हापूरच्या खासबागेत आणि गावोगावच्या जत्रांत मातीतली कुस्ती पाहिली जात होती. जत्रेच्या कुस्तीचा खर्च बहुधा लोकवर्गणीतून चाले. तेथेही शब्द ‘वर्गणी’च, अर्थ मात्र निराळा. ती सर्वांनी मिळून द्यावयाची आणि न देणाऱ्यानेही कडेला उभे राहून पाहावयाचे.

१९९० च्या दशकात केबलमुळे अमेरिकी कुस्ती भारतीय घरांत आली. संच एक आणि प्रेक्षक गल्लीभरचे. मल्लांची उंची, वजन आणि क्रमांक छापलेले पत्ते शाळकरी मुले खेळत. २००२ पासून टेन स्पोर्ट्स आणि पुढे सोनीच्या क्रीडावाहिन्या ही तिची घरे झाली. २०१९ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या व्यवस्थेने प्रत्येक वाहिनीची किंमत स्वतंत्रपणे जाहीर होऊ लागली, आणि एरवी केबलवाल्याच्या ढोबळ रकमेत दडलेले कुस्तीचे मोल घरातील वडीलधाऱ्यांना प्रथमच रुपयांत दिसले. १ एप्रिल २०२५ पासून भारतातील हक्क नेटफ्लिक्सकडे गेले. एका दृष्टीने भारतीय चाहता सुदैवी ठरला, कारण अमेरिकेत विखुरलेले कार्यक्रम त्याला एका ठिकाणी मिळाले. परंतु १४९ रुपयांची सर्वांत स्वस्त वर्गणी केवळ भ्रमणध्वनीच्या वा तत्सम लहान पडद्यासाठी होती. घरच्या मोठ्या संचावर पाहावयाचे तर अधिक मोजावे लागे. ज्या घरात आंतरजाल नाही, तेथील प्रेक्षक तर हिशेबातच धरला गेला नाही.

याविरुद्ध कायद्याचा आधार मिळण्यासारखा नव्हता. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले, आणि २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडाप्रसंगांचे प्रक्षेपण प्रसारभारतीला देणे बंधनकारक झाले. परंतु जी स्वतःला क्रीडा म्हणवीत नाही, त्या कुस्तीला या तरतुदीचा लाभ कसा व्हावा? न्यू जर्सीत सोडलेला क्रीडात्वाचा दावा अशा रीतीने दूरदेशीच्या प्रेक्षकालाही बाधतो.

६. समारोप

वरील विवेचनातून एक गोष्ट निष्पन्न होते. प्रक्षेपणहक्कांचे करार प्रेक्षकसंख्येवर ठरतात, आणि ती संख्या त्या हुंकारातून निर्माण होते जो प्रेक्षक स्वतः, तिकीट काढून, प्रयोगाला पुरवितो. आपण घडविलेली वस्तू आपल्यालाच चढ्या दराने विकली जाते, ही जाणीव चाहत्याच्या संतापाच्या मुळाशी आहे. तो ती सिद्धान्ताच्या भाषेत मांडत नाही एवढेच. टोकियोच्या चौकातील संचापासून तळहातावरच्या पडद्यापर्यंतच्या प्रवासात प्रत्येक प्रेक्षकाला स्वतःचे आसन मिळाले, पण शेजारी हरवला. ‘अहो’ हा उद्गार ऐकणारा दुसरा कोणी नसेल तर भरताने सांगितलेली मानुषी सिद्धी कोठे शोधावी, हा प्रश्न कुस्तीपुरता मर्यादित नाही. एकत्र बसून पाहिल्या जाणाऱ्या प्रत्येक कलेपुढे तो आज ना उद्या उभा राहणार आहे.