व्हायाला आणि कार्बनचा कर
ज्युलिया गिलार्ड यांच्या सरकारने १ जुलै २०१२पासून ऑस्ट्रेलियातल्या बड्या प्रदूषक कंपन्यांवर कार्बन उत्सर्जनाच्या दर टनामागे २३ डॉलर आकारणी सुरू केली. व्हायाला हे पोलादाचं गाव यामुळे नकाशावरून पुसलं जाईल, असा इशारा विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट यांनी आधीच दिला होता. कामगार घाबरले, आणि त्यांच्या भीतीचा असा वापर मला अन्यायाचा वाटतो. कारण परदेशी मालाशी झुंजणाऱ्या, सर्वाधिक उत्सर्जनाच्या उद्योगांना उद्योगाच्या सरासरी उत्सर्जनाच्या ९४.५ टक्के इतके उत्सर्जन-परवाने सुरुवातीला फुकटच मिळणार होते. प्रचारात हे कुणी ऐकलंच नाही. अ‍ॅबट सत्तेवर आले. जुलै २०१४मध्ये कर रद्द झाला. व्हायालाच्या कारखान्याची मालक कंपनी एरियम कोलमडली ती २०१६मध्ये, कर्ज आणि पोलाद-लोहखनिजाच्या पडलेल्या भावांमुळे.